पस्तीसच्या आत

सीए एकशे पंचवीस: एकशे चौऱ्याऐंशी.
शेजारी बारीक टाइपात, पस्तीसच्या आत.
मिरजेत लॅबच्या जिन्यात उभ्या उभ्या वाचलं.
खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं
आणि मी वजाबाकी केली, सवयीनं.
एकशे एकोणपन्नास जास्त.

तासगावच्या शीतगृहात मी बेदाण्याचा ओलावा बघते.
सोळा वर्षं. मूठभर माल, मशीनचं झाकण, आकडा.
आकडा आला की समोरचा माणूस गप्प होतो,
टोपी काढतो, परत घालतो.
मी लिहून टाकते.

भरतेशनं रात्री मोबाइलवर शोधलं.
पहिल्याच ओळीत तो शब्द होता.
त्यानं मोबाइल चादरीवर उपडा ठेवला
आणि म्हणाला, दूध तापवू का?
अकरा वर्षांत पहिल्यांदा.

नदाफ मॅडमनी कागद वाचायच्या आधी विचारलं,
रक्त दिलं तेव्हा पाळीचा कितवा दिवस होता?
दुसरा.
मग यातला बराचसा आकडा त्या दुसऱ्या दिवसाचा, म्हणाल्या.
पोटातल्या अस्तराला काहीही खुपलं की हे वाढतं.
पाळीनं वाढतं, फायब्रॉइडनं वाढतं,
दिवस राहिले तरी वाढतं.
आणि कधी खरंच कॅन्सर असतो
तेव्हा हेच शहाण्यासारखं पस्तीसच्या आत बसून राहतं.
कुणी सांगितली ही तपासणी?
कुणी नाही. पॅकेजमध्ये होती.

मग त्यांनी सोनोग्राफीची फिल्म उजेडाला धरली.
पाच सेंटिमीटर. आत सगळं एकसारखं धुरकट,
दळलेल्या काचेसारखं.
भिंतीला कोंब नाहीत, आत रक्ताची वाट नाही.
चॉकलेट सिस्ट म्हणतात हिला. जुनं रक्त,
बाहेर जायचं ते आतच राहिलेलं.
चॉकलेट म्हणताना त्या हसल्या नाहीत.
मी हसले, आणि मग थांबताच येईना.

चौदाव्या वर्षापासून दुखतंय.
शाळेत बाकाची कड दातांनी धरायचे.
आई म्हणायची, सगळ्यांनाच दुखतं.
ह्या दुखण्याला कधी कुणी आकडा दिला नाही.
आता दिला,
तर तोही दुसऱ्याच रोगाच्या नावानं.

भरतेश म्हणाला, म्हणजे नाही ना, मॅडम?
त्या म्हणाल्या, नुसत्या रक्तावरून मी हो म्हणत नाही
आणि नाहीही म्हणत नाही.
ही फिल्म, यांचं वय अडतीस,
आणि तीन महिन्यांनी परत सोनोग्राफी. तेव्हा बोलू.
तोवर ही गोळी, रोज, एकाच वेळेला.

येताना कवलापूरच्या पुढे मला सावळजची बाई आठवली.
वत्सलाबाई. गेल्या हंगामात, धुक्याच्या सकाळी
तिच्या मालाला एकोणीस आले. मी परत पाठवला.
दाताखाली मला कळलं होतं, माल कोरडा आहे.
ती म्हणाली, बाई, माल त्योच हाय,
सकाळ येगळी हुती.
दुसऱ्या दिवशी उन्हात त्याच पेट्यांना पंधरा आले.
मी पंधरा लिहिले. बोलले काहीच नाही.

पुढच्या पाळीनंतर, चौदाव्या दिवशी, परत रक्त.
बासष्ट.
पस्तीसच्या आत नाहीच.
मॅडमनी बासष्टच्या खाली पेन्सिलीनं दिवस लिहिला
आणि जुना कागद काढून एकशे चौऱ्याऐंशीच्या खालीही लिहिला.
दोन्ही कागद एकाच टाचणीत.
भरतेशला ती टाचणी बघवत नव्हती,
मला मात्र ती आवडली.

ओलाव्याच्या रजिस्टरमध्ये आता मी
एक रकाना वाढवलाय: हवा.
मालकांनी विचारलं, हे कशाला?
म्हटलं, असू दे.

आज लिहिलं: धुकं, दाट.
डावीकडे खाली दुखतंय.
गोळी सुरू आहे तरी,
पहिला दिवस.